लोखंडेंनी बारा वर्षं मागितलेला वेळेवरचा पगार गिरणीमालकांनी प्लेगच्या साथीत मुकाट्याने दिला

दरवर्षी १० जून आला की एक मेसेज फिरतो. रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवून दिली, असं त्यात लिहिलेलं असतं. फोटोतला फेटेवाला माणूस आपण बघतो, फॉरवर्ड करतो आणि पुढे जातो.

पण हा माणूस गेला कसा, हे त्या मेसेजमध्ये नसतं.

लोखंडे गेले ९ फेब्रुवारी १८९७ ला, मुंबईत, प्लेगने. आणि ज्या आठवड्यांत ते प्लेगच्या रोग्यांसाठी धावपळ करत होते, त्याच आठवड्यांत गिरणगावात एक अजब गोष्ट घडत होती. आजवर कामगारांचा पगार अडकवून ठेवणारे गिरणीमालक आता नाक्यानाक्यावर माणसं उभी करून कामगारांसाठी बोली लावत होते.

हे कसं झालं ते समजण्यासाठी आधी लोखंडे समजून घ्यायला लागतात.

लोखंडेंचं मूळ गाव पुणे जिल्ह्यातलं, खेड तालुक्यातलं कन्हेरसर. जन्म १८४८ चा, ठाण्यातला. घरची परिस्थिती बेताची. शिक्षण झाल्यावर रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी केली, मग मुंबईतल्या एका गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले. गिरणीचा भोंगा, अंधारात कामावर जाणाऱ्या बायका, कापसाच्या धुरळ्यात खोकणारी पोरं, हे सगळं त्यांनी रोज जवळून बघितलं.

महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाशी ते जोडले गेले होते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेलं दीनबंधू हे वर्तमानपत्र बंद पडलं, तेव्हा लोखंडेंनी ते १८८० मध्ये मुंबईला आणून पुन्हा चालू केलं. गिरणीतल्या माणसाची गाऱ्हाणी आता छापून यायला लागली.

त्या गाऱ्हाण्यांत सगळ्यात मोठं होतं पगाराचं.

पगार महिन्याचा असायचा, पण महिना संपला म्हणून तो हातात पडायचा नाही. कित्येक आठवडे तो गिरणीकडेच राहायचा. म्हणजे कामगाराची केलेल्या कामाची मजुरी कायम मालकाकडे अडकलेली. त्यातून दंड कापला जायचा. नोकरी सोडून दुसऱ्या गिरणीत जायचं म्हटलं तर मागचे पैसे बुडण्याची भीती. तोवर घर चालायचं वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर. कामगाराला जागेवर बांधून ठेवायला मालकांना वेगळ्या साखळीची गरजच नव्हती.

सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंडेंनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. त्यातून बॉम्बे मिल हॅन्ड्स असोसिएशन उभी राहिली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारच्या आयोगापुढे गेलं. मागण्या साध्या होत्या. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहापासून सूर्य मावळेपर्यंतच. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय.

यातली रविवारची मागणी मान्य व्हायला जवळपास सहा वर्षं लागली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणं केली. त्यानंतर १० जूनला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली.

वेळेवरच्या पगाराची मागणी मात्र तशीच राहिली.

१८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लीम दंगल पेटली, तेव्हा लोखंडेंनी राणीच्या बागेत एकोप्यासाठी मोठी सभा भरवली. सरकारने त्यांना रावबहादूर केलं. पण गिरणगावात त्यांचं वजन होतं ते या पदवीमुळे नव्हे. अडचणीच्या वेळी हा माणूस येतो, हे लोकांना माहीत होतं.

आणि मग १८९६ चं साल आलं.

मांडवीच्या धान्याच्या गोदामांत उंदीर मरून पडायला लागले. सप्टेंबरमध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचं सांगितलं. ऑक्टोबरमध्ये रोग्यांना जबरदस्तीने घरातून उचलून इस्पितळात नेण्याचा अधिकार महापालिकेने वापरायला सुरुवात केली.

गिरणगावात याची दहशत रोगापेक्षा जास्त होती. आर्थर रोडच्या इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, तिथे मुद्दाम मारतात, अशा वावड्या उठल्या. २९ ऑक्टोबरला हजाराच्या आसपास गिरणी कामगार या इस्पितळावर चालून गेले. आज ज्याला आपण कस्तुरबा रुग्णालय म्हणतो, तेच हे इस्पितळ. त्यानंतर महापालिकेला जबरदस्ती सैल करावी लागली.

सरकारवर विश्वास नाही आणि रोग तर दारात, अशा वेळी लोकांना आपल्या ओळखीचा माणूस लागतो. लोखंडे प्लेगच्या कामात उतरले. आपल्या माणसांना विश्वासाने उपचार घेता यावेत म्हणून मराठा रुग्णालय उभं करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. रोग्यांच्या वस्तीत जाणं म्हणजे काय, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पळून जाता येणाऱ्या लोकांपैकी ते एक होते. ते थांबले.

बाकी शहर मात्र पळत होतं.

१८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत पावणेचार लाखांहून अधिक लोक शहर सोडून गेल्याचा अंदाज होता. गिरणी कामगारांत सगळ्यात मोठा भरणा रत्नागिरी आणि साताऱ्याकडच्या लोकांचा. त्यांचं गावाकडे घर होतं, थोडी जमीन होती. कोणी बोटीने, कोणी रेल्वेने, कोणी चालत निघालं.

मुंबईत तेव्हा सत्तरच्या आसपास कापड गिरण्या होत्या आणि त्यांत सत्तर हजारांहून अधिक लोक काम करायचे. साचे होते, सूत होतं, पण चालवायला माणूस नव्हता.

इथे गणित उलटलं. ज्या कामगाराला दारावरून हाकलता यायचं, त्याला आता शोधत फिरावं लागलं. संध्याकाळी रोख मजुरी मिळणार असेल तरच येतो, असं कामगार सांगू लागले. उद्या आपण जिवंत असू की नाही याची खात्री नसलेला माणूस दोन महिन्यांनी मिळणाऱ्या पगारावर काम कशाला करेल?

काही मालकांनी रोजचा पगार द्यायचा नाही असं एकत्र ठरवायचा प्रयत्न केला. पण शेजारच्या गिरणीने जास्त दिले की माणसं तिकडे जायची. नाक्यावर उघड बोली लागायची. लोखंडेंनी बारा वर्षं अर्ज करून १५ तारखेचा पगार मागितला होता. प्लेगने काही महिन्यांत रोजच्या रोज पगार मिळवून दिला.

लोखंडेंना हे सगळं पुढे कसं जातं ते बघता आलं नाही. वयाची पन्नाशी गाठण्याआधीच प्लेगने त्यांना गाठलं. त्यानंतर महिन्याभरात, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. सत्यशोधक चळवळीने एकाच साथीत आपली दोन मोठी माणसं गमावली.

पुढे काय झालं?

उन्हाळ्यात साथ ओसरली. गावाकडे तर त्या वर्षी दुष्काळ होता. प्लेगला भिऊन गावी गेलेल्या माणसाला तिथे खायला नव्हतं, म्हणून तो पुन्हा मुंबईच्या वाटेला लागला. गिरणीच्या दारात माणसं वाढली तशी बोली थांबली. मालकांनी महिन्याच्या पगाराची जुनी पद्धत परत आणली. काही गिरण्यांत त्याविरुद्ध संप झाले, पण ते विखुरलेले होते. सगळ्या गिरण्यांच्या वतीने बोलेल असा माणूस उरला नव्हता.

लोखंडेंच्या संघटनेची मोठी उणीव इथे उघडी पडली. तिच्याकडे वर्गणी नव्हती, सभासदांची पक्की यादी नव्हती, निधी नव्हता. ती लोखंडेंच्या शब्दावर चालायची. लोखंडे गेले आणि तीही विझली.

शहर सावरायला बरीच वर्षं लागली. प्लेग दर हिवाळ्यात परत यायचा. १९०१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले, सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट त्यातलेच. पण जितकी घरं पाडली त्या मानाने नवी कमी बांधली, त्यामुळे गरीब माणूस एका कोंदट चाळीतून निघून दुसऱ्या, अजून गर्दीच्या चाळीत गेला.

गिरण्याही सावरल्या. १९०५ च्या सुमाराला कापडाला तेजी आली. गिरण्यांत विजेचे दिवे लागले होते, त्यामुळे सूर्य मावळला तरी काम थांबायचं कारण उरलं नाही. कामाचे तास चौदा-पंधरावर गेले. सूर्यास्ताला सुट्टी मागणाऱ्या लोखंडेंना जाऊन तेव्हा फक्त आठ वर्षं झाली होती.

म्हणजे धंदा पूर्वपदावर आला, पण कामगाराच्या वाट्याला आलेली वाढ गेली. साथीने दिलेला पगार साथीबरोबर गेला, कारण तो कुठेही लिहिलेला नव्हता. रविवारची सुट्टी मात्र राहिली, कारण ती मालकांच्या संघटनेकडून मान्य करून घेतली होती आणि नंतर कायद्यात बसली होती.

लोखंडेंच्या बाकीच्या मागण्याही हळूहळू त्याच वाटेने आल्या. पुरुष कामगारांसाठी कापड गिरण्यांत बारा तासांची मर्यादा १९११ च्या कायद्याने आली. कामावर जखमी झालेल्याला भरपाई १९२३ च्या कायद्याने. आणि पुढच्या महिन्याच्या ठरलेल्या तारखेच्या आत पगार झालाच पाहिजे, हे १९३६ च्या वेतन कायद्याने बंधनकारक केलं. तारीख ठरली सातवी, मोठ्या कारखान्यांना दहावी. लोखंडेंनी तर पंधरावी मागितली होती.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुंबईतून चालत निघालेले कामगार सगळ्यांनी मोबाइलवर बघितले. काही महिन्यांनी त्यांना परत आणण्यासाठी ठेकेदारांनी तिकिटं काढून दिल्याच्या बातम्याही आल्या. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या नाक्यावरच्या बोलीचीच ही नवी आवृत्ती होती.

भारत सरकारने २००५ मध्ये लोखंडेंच्या नावाने टपाल तिकीट काढलं. पुढच्या १० जूनला मेसेज येईल तेव्हा रविवारच्या सुट्टीबरोबर पगाराची तारीखही आठवायला हरकत नाही. ती मागणारा माणूस ती मिळायच्या ३९ वर्षं आधी, कामगारांच्याच वस्तीत प्लेगशी झगडताना गेला.