शिष्यवृत्तीचं ऋण फेडणारे भिक्खू : ह्युएन त्संग



रविवारची वंदना झाल्यावर आपण विहारात थोडा वेळ बसतो, हे सर्वांना माहीत आहेच. मागच्या पावसाळ्यात तिथे आपल्याच वस्तीतल्या एका मुलीचा विषय निघाला. तिला परदेशात जाऊन तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकायचं होतं. कुणी विचारलं, तर्कशास्त्राने पोट भरतं का? कुणी म्हणालं, दुसऱ्याच्या पैशावर शिकायचं म्हणजे उद्या त्याचं मिंधं व्हायचं. मी गिरणी कामगार. शाळा लहानपणीच सुटली, पुढचं सगळं पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून शिकलो. त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. नंतर ते भन्ते ह्युएन त्संग यांच्या चरित्रात सापडलं. तेच आज मांडतो.

ह्युएन त्संग यांचा जन्म इ.स. ६०२ च्या सुमारास चीनमध्ये लोयांग शहराजवळ झाला. चार भावांत हे सर्वात धाकटे. वडील लहानपणीच गेले. एक मोठा भाऊ भिक्खू होता, त्याच्या मागोमाग हेही विहारात आले. तेराव्या वर्षी श्रामणेर झाले. वय कमी होतं, पण पोराची समज बघून अधिकाऱ्याने त्यांना निवडलं.

पुढे ते गावोगावच्या आचार्यांकडे शिकले. पण एक आचार्य एक सांगे, दुसरा दुसरंच. माणसाच्या चित्ताचं स्वरूप काय, यावर दोघांचं जमत नव्हतं आणि भाषांतरित ग्रंथही एकमेकांशी जुळत नव्हते. मग खरं कुणाचं? ते ठरवायचं तर मूळ ग्रंथ मूळ भाषेत वाचले पाहिजेत, म्हणजे भारतात गेलं पाहिजे. त्या काळी देशाबाहेर जायला बंदी होती. परवानगी मिळाली नाही. इ.स. ६२९ च्या सुमारास ते लपतछपत निघाले. वाळवंटात पाण्याची पखाल हातातून सुटली आणि सगळं पाणी सांडलं. चार रात्री पाच दिवस घशाखाली थेंब नव्हता. तरी मागे फिरले नाहीत.

वाटेत गाओचांग नावाचं राज्य लागलं. तिथला राजा बौद्ध. त्याला या तरुण भिक्खूची विद्वत्ता इतकी आवडली, की तो त्यांना सोडेचना. इथेच राजगुरू होऊन राहा, असा हट्ट धरला, पुढे दमही दिला. ह्युएन त्संग यांनी अन्नपाणी सोडलं. तीन दिवस झाले, श्वास मंद झाला, तेव्हा राजा वरमला. परत येताना तीन वर्षं इथे राहून धम्म शिकवावा, एवढंच वचन त्याने घेतलं. मग वीस वर्षांच्या प्रवासाला पुरेल एवढं दिलं : १०० औंस सोनं, ३० हजार चांदीची नाणी, रेशमाचे ५०० तागे, ३० घोडे, २५ माणसं आणि वाटेतल्या राजांसाठी २४ पत्रं. आम्ही कापडखात्यातली माणसं, ५०० तागे म्हणजे केवढा माल ते आम्हाला बरोबर कळतं!

बघा, पैसा घेतला, पण स्वतःला विकलं नाही.

काश्मीरमध्ये एका वृद्ध आचार्यांकडे ते दिवसा अभिधर्म आणि रात्री हेतुविद्या, म्हणजे तर्कशास्त्र शिकले. तिथल्या राजाने ग्रंथ उतरवायला २० लेखक दिले. तिथून नालंदा. नालंदेत शिरणं सोपं नव्हतं. दारावरच प्रश्न विचारत, आणि दहातले सात-आठ तिथूनच परत जात. आत गेल्यावर मात्र पोटाची चिंता नव्हती. राजाने १०० गावांचं उत्पन्न नालंदेला लावून दिलं होतं, त्या गावांतून रोज तांदूळ, दूध, लोणी येई. म्हणजे शेतात राबणाऱ्यांच्या घामावर ते ज्ञान उभं होतं, हे विसरून चालणार नाही.

आचार्य शीलभद्र यांच्याकडे त्यांनी योगाचारभूमिशास्त्र तीनदा ऐकलं. दिङ्नागांचा प्रमाणसमुच्चय दोनदा ऐकला. या तर्कशास्त्रात काय आहे? डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे विस्तव आहे असं आपण म्हणतो. ते कधी बरोबर? धूर खरोखर त्या डोंगरावर हवा. विस्तवाच्या ठिकाणी धूर असतो हे चुलीवर पाहिलेलं हवं. आणि जिथे विस्तव नाही, जसं तळं, तिथे धूर कधीच नसला पाहिजे. दिङ्नागांनी प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणं मानली. पोथीत लिहिलंय म्हणून खरं, हे स्वतंत्र प्रमाण त्यांनी मानलंच नाही. ज्या समाजाला पोथीचा आधार देऊन माणुसकी नाकारली, त्याने तर्कशास्त्राचा उपयोग काय, असं विचारू नये.

इ.स. ६४१ च्या सुमारास ते आपल्या महाराष्ट्रातही आले. तेव्हा दुसरा पुलकेशी राज्य करत होता. इथे शंभरावर विहार आणि सुमारे पाच हजार भिक्खू असल्याचं त्यांनी नोंदवलं. इथली माणसं उपकाराची जाण ठेवतात, असंही लिहिलं. पुढे सम्राट हर्षवर्धनाने कनौजला मोठी सभा भरवली. ह्युएन त्संग यांनी आपलं मत मांडून सगळ्यांना वादाचं आव्हान दिलं. अठरा दिवस झाले, कुणी खोडून काढू शकलं नाही. हर्षाने सोनं-चांदी देऊ केली, ती त्यांनी नाकारली. शिकताना लागलं तेव्हा घेतलं, शिक्षण झाल्यावर घेतलं नाही.

परतताना वाटेत बातमी कळली, की गाओचांगचा राजा वारला आणि त्याचं राज्यही इ.स. ६४० मध्ये चीनच्या सम्राटाने जिंकून घेतलं. तीन वर्षांचं वचन आता फेडणार कुणाला?

इ.स. ६४५ मध्ये ते चांगआनला पोचले. बरोबर ६५७ ग्रंथ होते, त्यातले ३६ तर्कशास्त्राचे. सम्राटाने मोठं सरकारी पद देऊ केलं. तेही नाकारलं आणि भाषांतराला बसले. १९ वर्षांत ७५ ग्रंथ चिनी भाषेत आणले, त्यात न्यायप्रवेश आणि न्यायमुख हे तर्काचे ग्रंथ होते. त्यांच्याकडे शिकलेला दोशो हा भिक्खू ती विद्या जपानला घेऊन गेला. इ.स. ६६४ मध्ये त्यांचं निधन झालं. पुढे नालंदा जळली, मातीखाली गेली. एकोणिसाव्या शतकात कनिंगहॅम यांनी ती जागा ओळखली, ती ह्युएन त्संग यांच्या प्रवासवर्णनाच्या आधारे. ज्या विद्यापीठाने त्यांना जेवू घातलं, त्याचा पत्ता बाराशे वर्षांनी त्यांनीच जगाला दिला.

आपले बाबासाहेबही १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवरच कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. त्या पौंडांचा हिशेब कुणी बडोद्याच्या वहीत शोधू नये. तो आपल्या घराघरात आहे.

तेव्हा त्या मुलीच्या आईवडिलांना माझं एवढंच सांगणं आहे. शिष्यवृत्ती मिळत असेल तर पोरीने ताठ मानेने घ्यावी, अर्ज करायला लाजू नये. देणारा विकत घ्यायला बघेल तर नाही म्हणावं. आणि फेडायची वेळ येईल तेव्हा देणारा कदाचित हयात नसेल, म्हणून ज्यांना गरज आहे त्यांना द्यावं.

नमो बुद्धाय. जय भीम.