बॉनेटवरच्या नावामागचा उद्योगमहर्षी

प्रतिनिधी

रविवारची सकाळ उजाडली की ठाण्याच्या घोडबंदर मार्गापासून डोंबिवलीजवळच्या कल्याण-शीळ मार्गापर्यंत मोटारी धुऊन देणाऱ्या वॉशिंग सेंटरांपुढे रांगा लागतात. आधी फेसाचा थर, मग दाबाने सोडलेला पाण्याचा फवारा आणि थोड्याच वेळात लखलखीत गाडी, असा हा शिरस्ता आहे. या रांगेत एखादे वेळी जुनी प्रीमियर पद्मिनीही उभी दिसते. हौशी मालकाने जिवापाड जपलेल्या या गाडीचे पत्रे, दिवे, आसने सारे जागच्या जागी असते. तिच्यावरील नावाची धातूची पट्टी, जिला गॅरेजच्या भाषेत मोनोग्राम म्हणतात, ती मात्र बहुधा काळवंडलेली, पोपडे आलेली किंवा एखादे अक्षर गमावून बसलेली असते. पत्रा ठोकून सरळ करता येतो, रंग नव्याने देता येतो; नाव गेले की ते परत मिळवणे अवघड. ज्या उद्योजकाने या गाडीचा कारखाना उभारला, त्या शेठ वालचंद हिराचंद यांना हे नाव स्वतःच्या मोटारीवर मिरवताना पाहण्याचे भाग्य कधी लाभले नाही. त्यांच्या हयातीत त्यांच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीवर परक्यांचेच नाव होते.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे, दिगंबर जैन, दोशी आडनावाचे. कापसाचा व्यापार आणि सावकारी हा पिढीजात व्यवसाय. सोलापुरातील शिक्षणानंतर मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन ही महाविद्यालये त्यांनी पाहिली, पण पदवीपर्यंत ते पोहोचले नाहीत. घरच्या पेढीवर बसून हिशेब लिहिण्यातही त्यांचे मन रमेना. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचे कंत्राट घेतले आणि फाटक-वालचंद ही जोडी कंत्राटदारीच्या क्षेत्रात उतरली. व्यापाऱ्याचा मुलगा माल विकण्याऐवजी काहीतरी बांधू लागला, तो तेव्हापासून.

पुढे टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीच्या माध्यमातून त्यांनी बोरघाटातील रेल्वेबोगद्यांचे अवघड काम तडीस नेले. ठाणे जिल्ह्याशी त्यांचा संबंध आला तोही याच काळात. शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी मुंबईला पोहोचवणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या टाकण्याच्या कामात त्यांचा वाटा होता. १९२६ मध्ये त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना केली आणि त्याच वर्षी सिमेंटचे नळ तयार करणारी इंडियन ह्यूम पाइप कंपनीही आकाराला आली. पाणी कोंडून, दाबून, हवे तिथे नेण्याचे शास्त्र या माणसाने आपल्या उमेदीच्या वर्षांत चांगलेच आत्मसात केले होते. त्याच पाण्याचा झोत एक दिवस आपल्याच कारखान्यातील गाड्यांवरची अक्षरे उखडील, ही कल्पना त्यांना शिवण्याचे कारण नव्हते.

वालचंद यांच्या आयुष्यातील पहिली मोठी झुंज मात्र समुद्रावर झाली. पहिल्या महायुद्धानंतर ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडील लॉयल्टी हे जहाज विकाऊ असल्याचे त्यांना कळले. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांच्या साथीने त्यांनी ते विकत घेतले, कंपनीला सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन हे नाव दिले आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ते जहाज मुंबईहून लंडनच्या दिशेने रवाना झाले. ब्रिटिश कंपन्यांनी भाडे पाडून या स्वदेशी कंपनीला बुडवण्याचा प्रयत्न केला. सिंदियाला तडजोडी कराव्या लागल्या, पण ती तगली. आज ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो याच प्रवासाच्या स्मरणार्थ.

१९३० च्या दशकात नाशिक जिल्ह्यातील रावळगाव आणि पुणे जिल्ह्यातील इंदापूरजवळचे कळंब येथे त्यांनी साखर कारखाने उभारले. कळंबचे पुढे वालचंदनगर झाले. १९३९ मध्ये अमेरिकेच्या प्रवासात विमानातच त्यांची गाठ विल्यम पॉली या विमानउद्योगातील अमेरिकी गृहस्थाशी पडली. त्या भेटीचे फलित म्हणजे म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरात स्थापन झालेली हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी. जून १९४१ मध्ये डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते विशाखापट्टणम येथे जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली. तेथे बांधलेले जलउषा हे जहाज मार्च १९४८ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते पाण्यात उतरले.

या दोन्ही उद्योगांच्या दारावरचे नाव मात्र बदलत गेले. विमान कारखाना युद्धकाळातच, १९४२ मध्ये, सरकारने ताब्यात घेतला. आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही त्याचीच वाढलेली शाखा. जहाजबांधणीचा कारखाना १९५२ मध्ये हिंदुस्थान शिपयार्ड या सरकारी कंपनीकडे गेला. उभारायचे वालचंद यांनी आणि पाटी लागायची दुसऱ्याची, असेच हे घडले. राष्ट्रीय गरज म्हणून ते योग्यही असेल. परंतु त्यामुळे संस्थापकाचे नाव मागे पडले, हेही खरे.

मोटारीचे स्वप्न याहून जुने आणि याहून अधिक दमवणारे ठरले. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यास भारतात मोटारी बनवण्याची योजना मांडली होती. मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने तिला पाठिंबा दिला, पण १९३९ मध्ये ते मंत्रिमंडळच पायउतार झाले. वालचंद यांनी अमेरिकेत फोर्ड कंपनीशी बोलणी करून पाहिली; ती फळली नाहीत. अखेर १९४० मध्ये क्रायस्लरशी करार झाला. कारखाना बंगळुरात काढण्याचे ठरत होते, म्हैसूर संस्थान अनुकूल होते. परंतु मोटारींचा कारखाना हा युद्धप्रयत्नांचा भाग मानण्यास ब्रिटिश सरकारने नकार दिला आणि योजना बारगळली. भारतीय माणसाने जहाज चालवलेले ज्यांना खुपत होते, त्यांना त्याने मोटार बनवलेली कशी रुचणार?

१९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, तेथून वाहने बाहेर पडू लागली. त्यांच्यावरची नावे डॉज, प्लिमथ, डिसोटो आणि फार्गो अशी होती. १९५० च्या दशकाच्या आरंभी इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य सुरू झाले. सुटे भाग परदेशातून आणून जोडण्यावर न थांबता ते इथेच घडवायचे, हा वालचंद यांचा आग्रह होता. या आग्रहाची किंमत त्यांच्या पश्चात कळली. देशात प्रत्यक्ष उत्पादन करण्याची तयारी नसलेल्या कंपन्यांना थारा नाही, असे धोरण सरकारने १९५३ मध्ये स्वीकारले, तेव्हा निव्वळ जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला आणि प्रीमियर टिकून राहिली.

वालचंद यांनी मात्र प्रकृती ढासळल्याने १९५० मध्येच कामकाजातून अंग काढून घेतले होते. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरच्या काळात त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

त्यानंतर जवळजवळ २ दशके कुर्ल्याच्या गाडीवर फियाटचेच नाव राहिले. १९७० च्या दशकात फियाटशी असलेला करार संपला, तेव्हा कुठे प्रीमियर हे नाव गाडीवर आले. काही काळ ती प्रीमियर प्रेसिडेंट म्हणून विकली गेली आणि मग प्रीमियर पद्मिनी झाली. बॉनेटवरची अक्षरे बदलली तरी लोकांच्या जिभेवरचे नाव बदलले नाही. मध्यमवर्गीय घरात आणि टॅक्सीच्या थांब्यावर ती फियाटच राहिली. या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली.

प्रीमियरचा दुसरा कारखाना वालचंद यांच्या मृत्यूनंतर कल्याण तालुक्यात, डोंबिवलीजवळ आला. १९९० च्या दशकात तेथे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या भागीदारीत प्यूजो ३०९ ही मोटार तयार होत असे. तिच्या नाकावर प्यूजोचा सिंह होता. डोंबिवलीच्या भूमीवर घडलेल्या मोटारीवरही पुन्हा परक्याचीच मुद्रा! कामगारांचा संप आणि आर्थिक ओढाताण यांत तो प्रकल्प त्याच दशकात संपला. आज कल्याण-शीळ मार्गावरील प्रीमियर मैदान सभा-समारंभांच्या निमित्ताने लोकांना ठाऊक आहे. पण हे नाव कोठून आले, याची नव्या रहिवाशांपैकी फारच थोड्यांना कल्पना असते.

म्हणूनच जुन्या गाड्यांवर उरलेल्या मोजक्या पट्ट्यांचे मोल मोठे आहे. त्या काळचे मोनोग्राम बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव काम असत. त्यावर तांबे, निकेल आणि सर्वांत वर क्रोमचा मुलामा दिला जाई. क्रोमचा हा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो आणि त्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. खाडीकाठची खारी, दमट हवा आणि औद्योगिक पट्ट्यातील धूर यांमुळे ओलावा त्या छिद्रांतून आत शिरतो, खालचे जस्त फुगते आणि वरच्या चकाकीला फोड येतात.

अशा पट्टीवर दाबाचा फवारा पडला की उरलेसुरले काम पूर्ण होते. घरातील नळाच्या पाण्याचा दाब फार तर २-३ बार असतो. साध्या घरगुती धुलाई यंत्राचाही १०० बारच्या आसपास जातो. अरुंद तोंडाचा झोत जवळून, तिरका, पट्टीच्या कडेवर मारला तर तो सैल झालेला मुलामा सोलून काढतो, अक्षरांत भरलेला रंग उडवतो आणि पट्टीच्या मागे पाणी घुसवतो. पट्टी बसवण्यासाठी पत्र्याला पाडलेल्या भोकांभोवती ते पाणी साचून राहते आणि गंज आतून पत्रा खातो. तीव्र साबणाचा फेस आणि टँकरचे किंवा बोअरचे जड पाणी वाळून पडणारे पांढरे डाग त्यात भर घालतात. नव्या गाड्याही यातून सुटत नाहीत. त्यांच्यावरची क्रोमचा मुलामा दिलेली प्लास्टिकची अक्षरे बहुतेक वेळा दुतर्फी चिकटपट्टीने बसवलेली असतात. उन्हाने ती पट्टी कोरडी पडली असेल, तर कडेतून शिरलेला झोत अक्षर अलगद उचलतो आणि ते गटारात वाहून जाते.

नव्या गाडीचे अक्षर विक्रेत्याकडे मिळते. पद्मिनीचे मोनोग्राम मात्र बंद पडलेल्या कारखान्यातून येणार नाहीत. ते शोधत मालकाला जुन्या सुट्या भागांच्या बाजारात, बहुधा कुर्ल्यालाच, जावे लागते. म्हणजे जिथे ती पट्टी पहिल्यांदा गाडीवर चढली, तिथेच ती भंगारातून धुंडाळायची वेळ येते.

उपाय खर्चिक नाही. फवारा मारायचाच तर पसरट तोंडाचा, निदान हातभर अंतरावरून आणि सरळ समोरून मारावा. पट्टीच्या कडेवर मारू नये. फोड आलेल्या पट्टीला तर झोत लावूच नये. सौम्य साबणाचे पाणी, मऊ ब्रश, सुती फडके आणि वर मेणाचा हलका हात एवढे पुरते. मागे अडकलेले पाणी हवेने किंवा फडक्याच्या टोकाने टिपून घ्यावे. वॉशिंग सेंटरमधील पोऱ्याला हे आधी सांगावे लागते, कारण त्याच्या लेखी ती चार-दोन अक्षरे आणि मडगार्डवरचा चिखल यांत फरक नसतो.

जहाजाच्या प्रवासासाठी वालचंद यांना वर्षातला एक दिवस मिळाला, साखर कारखान्यासाठी एक गाव मिळाले, सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने त्यांचे नाव धारण केले. मोटारीसाठी त्यांनी घेतलेल्या कष्टांची खूण मात्र एवढीच उरली आहे: डोंबिवलीच्या एखाद्या सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या पद्मिनीवरची, मुलामा उडत चाललेली आठ-दहा अक्षरे. ती राहावीत असे वाटत असेल, तर पुढच्या रविवारी त्या गाडीला रांगेत न लावता घरीच एक बादली पाणी घ्यावे.