बावीस वर्षांचा साहेब आणि भिल्लांची पागोटी

धरणगाव म्हटलं की आपल्याला बालकवी आठवतात. पण त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी, १८२५ मध्ये, इथं जेम्स आउट्राम नावाचा एक इंग्रज लेफ्टनंट मुक्कामाला आला. वय बावीस. म्हणजे माझ्याएवढाच!

जन्म १८०३ चा, डर्बीशायरमधला. सोळाव्या वर्षी कंपनीच्या फौजेत भरती होऊन हिंदुस्थानात आला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनीकडे गेला, पण डोंगरातले भिल्ल काही हाती येईनात. पलटणी सातपुड्यात शिरायच्या आणि तापानं आजारी पडून परतायच्या. शेवटी सरकारनं ठरवलं, भिल्लांचीच पलटण उभी करायची. हे काम आउट्रामच्या गळ्यात पडलं.

गडी शिकारीचा भयंकर शौकीन. आज आफ्रिकेत मोठ्या शिकारीला जाणारे आधी एखादी कंपनी गाठतात. परवाना, तंबू, गाडी, माग काढणारा माणूस, सगळं पॅकेजमध्ये. पैसे कुठल्या कंपनीला मोजायचे, एवढंच ठरवायचं. आउट्रामचा पेच वेगळाच होता. इथलं जंगल खरं माहीत होतं ते भिल्लांना, आणि सरकारच्या लेखी तेच दरोडेखोर. अशा माणसांच्या भरवशावर वाघापुढे जायचं का?

तो गेला. पकडलेल्या भिल्लांमार्फत नाईकांकडे निरोप धाडले, एकटाच त्यांच्या रानात शिरला, त्यांना भरपूर ब्रँडी पाजली आणि पहारा न ठेवता त्यांच्यात राहिला. सुरुवातीला फक्त पाच जण तयार झाले. पुढं तोच आकडा शेकड्यांवर गेला.

या विश्वासात शिकारीचा वाटा मोठा. माग काढायचा भिल्लांनी, वाघासमोर जायचं साहेबानं, तेही बऱ्याचदा पायी. एकदा वाघ अंगावर आला, दोघं उतारावरून गडगडत खाली गेले. त्यातच हात मोकळा करून यानं पिस्तूल झाडलं. वर भिल्ल हळहळायला लागले तर म्हणे, मांजरीनं ओरबाडल्याचं काय एवढं! दुसऱ्यांदा वाघ निवडुंगाच्या दाट जाळीत बसलेला. झाडावर चढूनही नेम धरायला पाय ठरेना. मग भिल्लांनी डोक्याची पागोटी सोडून त्याला बांधलं, फांदीवरून खाली लोंबकळत सोडलं आणि त्यानं तशीच गोळी घातली. गाठ त्यांच्या हातात होती, हे विसरू नका.

१८२५ ते १८३४ या काळात त्याच्या आणि सोबत्यांच्या हातून दोनशेहून जास्त वाघ मेले. आज मुक्ताईनगरच्या वढोदा रेंजमध्ये एखादा वाघ दिसला तरी आपल्याकडे बातमी होते, म्हणून हा आकडा वाचताना मला तरी कौतुक वाटत नाही. दुसरीही एक गोष्ट खटकते. याच भिल्ल पलटणीला घेऊन तो १८३० मध्ये डांगमधल्या भिल्लांवर चालून गेला. जंगलातल्या वाटा दाखवणारे आता बंदूक घेऊन आपल्यासारख्यांच्याच विरोधात उभे होते.

१८३५ मध्ये त्यानं खानदेश सोडला. पुढं अफगाणिस्तान, सिंध, १८५७ चं लखनौ, सर ही पदवी. १८६३ मध्ये फ्रान्समध्ये वारला आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याला मोठ्या मानानं पुरलं. ती पागोटी सोडणाऱ्यांची नावं धरणगावात कुणाला विचारून बघा.