ठिपका दिसला, पण कोणाचा?

रॉबर्ट वॉटसन-वॅट यांचा जन्म १८९२चा, स्कॉटलंडमधल्या ब्रेकिन गावातल्या सुताराच्या घरचा. डंडीत शिकून ते हवामान खात्यात लागले. विजा चमकल्या की रेडिओत खरखर होते. तिच्यावरून वादळाची दिशा ओळखून वैमानिकांना सावध करायचे, हे त्यांचे काम.

१९३५च्या सुमारास ब्रिटिश सरकारने त्यांना विचारले, रेडिओलहरींनी शत्रूचा वैमानिक भाजून काढता येईल का? सहकारी अर्नोल्ड विल्किन्स यांनी गणित केले. ते अशक्यच होते. मात्र विमानावर आपटून परतणाऱ्या लहरी पकडणे शक्य होते. २६ फेब्रुवारीला डॅव्हेंट्रीजवळ सुमारे ८ मैलांवरचे विमान त्यांनी असे टिपले. पुढे किनाऱ्यावर रडार केंद्रांची साखळी उभी राहिली. सर्वोत्तम यंत्राची वाट पाहत बसण्यापेक्षा आज हाती असलेले कामचलाऊ यंत्र बरे, असे त्यांचे मत. युद्ध तोंडावर असताना ते बरोबरच होते.

पण कामचलाऊपणाची किंमतही मोजावी लागली. ६ सप्टेंबर १९३९ला खोट्या इशाऱ्यावरून ब्रिटिश हरिकेन विमाने उडाली. त्यांनाच शत्रू समजून ब्रिटिश स्पिटफायरनी दोन पाडली; एक वैमानिक गेला. एक्स-रे स्वच्छ आहे, पण त्यावर रुग्णाचे नावच नाही, तसा हा प्रकार. विमानानेच रडारला ओळखीचे उत्तर द्यावे, अशी यंत्रे मग झपाट्याने बसवली गेली. आजचा ट्रान्सपॉन्डर त्यांचाच वारस.

१९४२मध्ये वॉटसन-वॅट ‘सर’ झाले. पुढे कॅनडात भरधाव गाडी चालवताना पोलिसांच्या रडारनेच त्यांना पकडले, दंडही भरावा लागला! १९७३मध्ये ते गेले.

त्यांच्या काळातली ती उणीव मात्र आपल्याकडेही जिवावर बेतली. १२ नोव्हेंबर १९९६ला हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमाने धडकून ३४९ जण मृत्युमुखी पडले. कझाक विमान ठरलेल्या उंचीखाली उतरले होते. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमानाची जागा दिसे, उंची नव्हे. त्यानंतर भारतात टक्करविरोधी यंत्रणा सक्तीची झाली. ही यंत्रणा जवळच्या विमानाच्या ट्रान्सपॉन्डरला सतत विचारत राहते आणि धोका दिसताच वैमानिकाला वर किंवा खाली जायला सांगते. समोरच्याने उंची कळवली नाही तर ती नुसती सावध करते. त्याचा ट्रान्सपॉन्डरच बंद असेल तर ते विमान तिला दिसतच नाही.