विभाजक न शोधता लागलेला निकाल

एखादी संख्या मूळ आहे का, हे ठरवण्याची शाळेतली रीत सोपी आहे. तिला लहान मूळ संख्यांनी भागत जायचे. कशानेच भाग गेला नाही, तर ती मूळ. पण संख्या ३९ अंकी असेल, तर या रीतीने आयुष्य संपेल, उत्तर मिळणार नाही. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ मध्ये अशाच एका संख्येचा निकाल हाताने आकडेमोड करून लावला.

ल्युका यांचा जन्म ४ एप्रिल १८४२ रोजी फ्रान्समधील आमियां शहरात झाला. शिक्षणानंतर काही काळ त्यांनी पॅरिसच्या वेधशाळेत काम केले. १८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात ते तोफखान्यात अधिकारी होते. युद्ध संपल्यावर त्यांनी शाळेत गणित शिकवण्याचा पेशा पत्करला.

सतराव्या शतकातील धर्मगुरू मारँ मर्सेन यांनी एक यादी मागे ठेवली होती. २ चा ठरावीक घात घ्यायचा आणि त्यातून १ वजा करायचा. अशा कोणत्या संख्या मूळ असतात, याची ती यादी. तिच्यात ६७ आणि १२७ हे दोन्ही घातांक होते. ल्युका यांनी दाखवले, की १२७ बरोबर आहे आणि ६७ चूक. गंमत म्हणजे, ६७ची संख्या मूळ नाही हे त्यांनी तिचा एकही विभाजक न शोधता सिद्ध केले. ते विभाजक १९०३ मध्ये अमेरिकी गणितज्ञ कोल यांनी शोधले.

हे कसे जमले? ल्युकांच्या कसोटीला लेमर यांनी १९३०च्या सुमारास सोपे रूप दिले. ३१ ही संख्या घेऊ. २ च्या पाचव्या घातातून १ वजा केल्यावर ती मिळते. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करून २ वजा केले, की १४. पुन्हा तेच केले, की १९४. ३१ ने भागल्यावर बाकी ८. पुन्हा तेच केले, की ६२, आणि त्याला ३१ ने पूर्ण भाग जातो. घातांकापेक्षा दोनने कमी, म्हणजे तीन पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली, म्हणून ३१ मूळ. १२७साठी अशा १२५ पायऱ्या लागतात. ल्युकांची ३९ अंकी संख्या १९५१ पर्यंत सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती.

चकत्या एका खांबावरून दुसऱ्यावर नेण्याचे 'हनोईचा मनोरा' हे कोडेही त्यांचेच, १८८३ मधले. त्यासोबत काशीच्या मंदिरातील ६४ सुवर्णचकत्यांची काल्पनिक कथा जोडलेली होती. या कोड्यात लागणाऱ्या कमीत कमी चालीही मर्सेनच्याच सूत्राने मिळतात: ५ चकत्यांना ३१.

१८९१ मध्ये एका विज्ञान परिषदेच्या मेजवानीत वाढप्याच्या हातून बशा पडल्या. एक तुकडा उडून ल्युकांच्या गालाला लागला. जखमेतून विसर्प, म्हणजे धावरे, हा त्वचेचा जंतुसंसर्ग झाला. आज तो प्रतिजैविकांनी बरा होतो. तेव्हा ती औषधेच नव्हती. ३ ऑक्टोबर १८९१ रोजी, वयाच्या ४९व्या वर्षी ते गेले.

२०२४ मध्ये चार कोटींहून अधिक अंकांची मूळ संख्या सापडली. तिची खात्रीही ल्युका-लेमर कसोटीनेच करण्यात आली.