कर्मवीर भाऊराव पाटील

कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेल्या भाऊरावांना स्वतःस मॅट्रिकची पायरी ओलांडता आली नाही. तरीही १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. पुढे साताऱ्यास त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवू लागली. त्या मुलांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि पुण्याचा खर्च न झेपणाऱ्या शिरवळसारख्या गावांतील मुलांना श्रम करून पदवी मिळविण्याची सोय जिल्ह्यातच झाली. १९५९ साली कर्मवीर निवर्तले. ज्ञातिबांधवहो, आपला शिक्षणनिधी उभारताना त्या पंक्तीचे स्मरण असू द्यावे. ज्ञातीबाहेरील गरजू विद्यार्थ्याचेही पान त्यात मांडावे.