भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस

वऱ्हाड-नागपूरच्या कापसाचा आधार घेऊन जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरास एम्प्रेस मिल उभारली, हे आपल्या ज्ञातिबांधवांस ठाऊकच आहे. परंतु त्याच टाटांच्या पोलादाच्या कारखान्यास लोखंडाची खाण दाखविणारा पुरुष एक प्रापंचिक बंगाली गृहस्थ होता, हे फारसे कोणास ठाऊक नसेल. त्यांचे चरित्र आपल्या घरोघरी वाचले जावे, अशा योग्यतेचे आहे.

प्रमथनाथांचा जन्म १२ मे १८५५ रोजी बंगालमधील गोबरडांग्याजवळ गैपूर या खेड्यात झाला. १८७४ मध्ये गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून ते विलायतेस गेले, लंडनची विज्ञानाची पदवी त्यांनी संपादन केली आणि १८८० मध्ये हिंदुस्थानच्या भूगर्भ-पाहणी खात्यात ते अधिकारी म्हणून रुजू झाले. आपल्या मेळघाटापलीकडे नर्मदेचे जे खोरे आहे, तेथील खडकांवरचा त्यांचा ग्रंथ १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला. वऱ्हाडची काळी जमीन ज्या काळ्या पाषाणापासून बनली, त्याच पाषाणाखाली तेथे प्राचीन समुद्रातील जीवांचे अवशेष सापडतात. त्या थरांचा क्रम त्यांनी बारकाईने लावून दिला.

१८८२ मध्ये त्यांचा विवाह रमेशचंद्र दत्त यांची कन्या कमलादेवी हिच्याशी झाला. रमेशचंद्र हे पुढे १८९९ च्या लखनौ काँग्रेसचे अध्यक्ष व नंतर बडोदे संस्थानचे दिवाण झाले. भूगर्भशास्त्रज्ञाची चाकरी म्हणजे महिनोन्‌महिने रानात तंबू ठोकून राहणे. अशा चाकरीत संसार टिकवून धरणे हे पतीइतकेच पत्नीचेही कर्तृत्व होय.

१९०३ मध्ये या संसाराची कसोटी लागली. खात्याचे प्रमुखपद रिकामे होताच, दहा वर्षे मागाहून नोकरीस लागलेल्या टॉमस हॉलंड या गोऱ्या अधिकाऱ्यास ते देण्यात आले. प्रमथनाथांनी सेवा सोडली. त्या वेळी त्यांचा पुत्र मधू अवघ्या तीन वर्षांचा होता. लहान मुले घरात असताना बांधलेला पगार सोडणे म्हणजे काय, हे सरकारी नोकरीवर चालणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांस सांगावयास नको.

सेवा सोडली तरी विद्या हातची गेली नव्हती. मयूरभंज संस्थानाने त्यांना बोलाविले. तेथील गोरुमहिसानीच्या डोंगरात त्यांना विपुल लोखंड आढळले आणि २४ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांनी जमशेटजींस पत्राने ते कळविले. इकडे चांदा जिल्ह्यात लोखंड शोधून निराश झालेले दोराबजी टाटा नागपूरच्या अजबबंगल्यात सहज शिरले असता, तेथे टांगलेल्या भूगर्भ-नकाशावर त्यांना छत्तीसगडातील लोहक्षेत्र दिसले. त्या धल्ली-राजहराच्या लोखंडाची नोंदही प्रमथनाथांनीच पूर्वी केलेली होती. मात्र तेथून दगडी कोळसा दूर पडत असल्याने अखेर मयूरभंजच ठरले. १९०७ मध्ये कंपनी स्थापन झाली व १९१२ च्या आरंभी पोलाद तयार झाले. राजहराचे लोखंड पुढे भिलाईच्या कामी आले.

१९०६ मध्ये स्वदेशी चळवळीतून निघालेल्या बंगाल टेक्निकल इन्स्टिट्यूटचे ते पहिले प्राचार्य झाले. आजच्या जादवपूर विद्यापीठाचे मूळ त्या संस्थेत आहे. उत्तरायुष्य त्यांनी रांचीस ग्रंथलेखनात घालविले व १९३४ मध्ये ते निवर्तले. खडकांत रमलेल्या या पित्याचा पुत्र मधू बोस मात्र रंगभूमी व चित्रपट यांत नावारूपास आला.

प्रपंच मनुष्यास भित्रा बनवितो, असे आपण सहज म्हणतो. प्रमथनाथांचे चरित्र निराळे सांगते. हाती खरी विद्या असेल, तर प्रपंचही राखता येतो आणि मानही. आपल्या मुलामुलींच्या शिक्षणाचा विचार करताना वडीलधाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानी ठेवावी, एवढीच विनंती.